ऋणनिर्देशसुद्धा उचललेला! पोरं असं का करतात?

बालाघाटी | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, गेल्या आठवड्यात शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एमए अर्थशास्त्राच्या संशोधन प्रकल्पांची तोंडी घ्यायला बाह्य परीक्षक म्हणून गेलो होतो. कॉलेजचं नाव विचारू नका, आमच्याकडंही याहून वेगळं चित्र नाही. एकतीस प्रकल्प, सगळे स्पायरल, वर पारदर्शक प्लास्टिक. पाहुणा म्हणून कूलर माझ्याकडं तोंड करून लावलेला, त्यामुळं पानं उडायची. प्रत्येक प्रकल्पावर स्टेपलर ठेवून वाचत होतो.

सहाव्या प्रकल्पाच्या ऋणनिर्देशात एक वाक्य आलं: "उन्हातान्हात कापूस वेचून माझ्या आईने माझ्या शिक्षणाचा धागा तुटू दिला नाही." वाचून बरं वाटलं. पोरीला म्हटलंही, छान लिहिलंस. अकराव्या प्रकल्पात तेच वाक्य. एकोणिसाव्यात पुन्हा तेच, पूर्णविरामासकट.

एकोणिसावा समोर उभा होता. शर्टाची वरची गुंडी लावलेली, हातात रुमालाची घडी. विचारलं, "हे वाक्य तुझं का रे?"

"नाही सर. सिनियरच्या प्रोजेक्टमधलं हाय."

"अरे, आईबद्दल तरी स्वतःचं लिहायचं की."

थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मही आई बी कापूसच येचती. खोटं न्हाई त्यात काही. अन् मला ह्याच्याहून चांगलं लिहिताच आलं नसतं."

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. अंतर्गत परीक्षक हसले आणि म्हणाले, घ्या सर पुढचा, जेवण थंड होतंय.

घरी येताना एसटीत तेच डोक्यात. त्याचा विषय होता ऊसतोड मजुरांचं स्थलांतर. पहिली तीन प्रकरणं जशीच्या तशी कुणाची तरी, भाषेवरूनच कळत होतं. शंभर प्रश्नावल्या होत्या, त्याही होस्टेलवर बसून भरलेल्या. मी विचारल्यावर त्यानं ते लपवलं नाही. "चौघं बसलो, चार रंगाचे पेन घेतले." आणि त्याच्या स्वतःच्या तांड्यावरून दसऱ्यानंतर साठेक कोयते जातात. (बाहेरच्या वाचकांसाठी: कोयता म्हणजे तोडणीला जाणारी नवराबायकोची जोडी, आणि जाण्याआधी मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे म्हणजे उचल.) उचल किती घेतली, फिटली किती, मागं किती राहिली, हे त्याला शेजारच्या चार घरांत चहा पिता पिता कळलं असतं. त्याला ते संशोधन वाटलंच नाही. संशोधन म्हणजे पुस्तकात जे आधीच छापलेलं आहे ते.

आता माझं ऐका. मी याला नुसतं चोरी म्हणून मोकळा होऊ शकत नाही. चौथीपासून ह्या पोराला सांगितलं गेलं की गाइडात आहे तसं लिही, स्वतःचं लावलंस तर मार्क जातील, आणि ते खरंच जातात. कॉलेजात आम्ही नोट्स सांगतो, पोरं उतरवतात. माझ्या नोट्स २००९ सालच्या आहेत. ज्या दोन पुस्तकांतून मी त्या काढल्या त्यांची नावं नोट्सवर कुठंही नाहीत. पंधराहून जास्त वर्षं मी दुसऱ्याचं वाक्य माझ्या आवाजात सांगतोय आणि पोरं ते 'सरांच्या नोट्स' म्हणून झेरॉक्स करतात.

पण मला जास्त टोचलं ते पान दुसरंच आहे. ऋणनिर्देशाच्या आधी दोन पानं असतात. एक विद्यार्थ्याचं प्रतिज्ञापत्र: सदर प्रकल्प मी स्वतः केला आहे. दुसरं मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र: सदर काम माझ्या मार्गदर्शनाखाली झालं आहे. दोन्हीखाली सह्या. एकतीसच्या एकतीस प्रमाणपत्रांवर एकाच पेनाची, एकाच बैठकीत केलेली सही. शेवटच्या दहा तर नुसत्या रेघा.

म्हणजे ह्या पोरानं आयुष्यात पहिल्यांदा जबाबदार माणूस म्हणून कुठल्या कागदावर सही केली, तर ती अशी. न केलेल्या कामाखाली. आणि शेजारी त्याच्या गुरुजीनं न वाचलेल्या कामाखाली केली. मजकूर कुणाचा हा भाग एकवेळ बाजूला ठेवू. ही सही पुढं कुठंकुठं जाते, ते इथल्या वेगवेगळ्या धंद्यातल्या लोकांनी सांगावं म्हणून धागा काढला.

हुरडा | रविवार, रात्री १०:०२

सर, लिहिलंय भारी. पण त्या पोराला नापास करू नका राव.

अवांतर: तुमच्याकडं कापूस वेचणीला किलोमागं काय दर चाललाय? आमच्याकडं माणसंच मिळंनात.

ग्रंथपाल_ताई | रविवार, रात्री १०:३५

बालाघाटी सर, एक गंमत सांगते. नियमानं बघितलं तर तुमच्या एकोणिसाव्यानं त्या वाक्यात काहीच गुन्हा केलेला नाही.

यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, वाङ्मयचौर्याबद्दलचं विनियम २०१८ चं. एमएपासून पीएच.डी.पर्यंतच्या प्रबंधांना ते लागू आहे. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून परत द्यायचं. ४० ते ६० मध्ये वर्षभर परत द्यायचंच नाही. ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. पण साम्य मोजताना काही गोष्टी वगळतात: अवतरणचिन्हात संदर्भासह दिलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, आणि हो, ऋणनिर्देश! शिवाय सर्वज्ञात स्वरूपाचे सलग चौदा शब्दही सोडून देतात. तुमचं कापसाचं वाक्य मी मोजलं. अकरा शब्द.

म्हणजे ऋणनिर्देश नियमातून सुटला. आता उरलेल्या पानांचं सांगते, कारण तपासणीचं काम आमच्या टेबलावर येतं. इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्रानं २०१९ मध्ये शोधशुद्धी हा चौर्यतपासणीचा उपक्रम सुरू केल्यापासून विद्यापीठांना सॉफ्टवेअर मिळालं. इंग्रजी प्रबंधाला ते ठीक चालतं. मराठीत सगळी बोंब. आपले जुने प्रबंध कशात टाइप झालेत? श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएममधले फॉन्ट. डोळ्याला ते 'शेतकरी' दिसतं, संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची उसळ असते. बरेच तर नुसते स्कॅन केलेले फोटो. शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) प्रबंध आहे, पण आतलं अक्षर मशिनला वाचता येत नाही. त्यामुळं पंधरा वर्षांपूर्वीचा मराठी प्रबंध कुणी युनिकोडमध्ये नव्यानं टाइप करून दिला, तर अहवालात साम्य ४ टक्के. आणि ते ४ टक्के म्हणजे विद्यापीठाचं नाव आणि पत्ता.

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करून घातलेलं तर अजिबातच सापडत नाही. एका पानावर 'हरितगृह परिणाम' ऐवजी 'हिरव्या घराचा प्रभाव' असं होतं, तेवढ्यावरून मी एकदा पकडलं होतं.

आणि तुमच्या सहीबद्दल: त्याच विनियमात विद्यार्थ्यानं हे काम माझं आणि मूळ आहे असं लिहून द्यायचं, आणि मार्गदर्शकानं ते चौर्यमुक्त आहे असं प्रमाणित करायचं, असं दोन्ही आहे. लिहून घेण्यात आपण कुठं कमी पडत नाही.

डीटीपी_कॉर्नर | रविवार, रात्री ११:१५

आता आमच्या बाजूनं ऐका. मी सहा वर्षं एका कॉलेजच्या गेटसमोर झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान चालवलं. आता बंद केलंय म्हणून मोकळं बोलतो.

फेब्रुवारी-मार्च आमचा सीझन. पोरगं येतं, म्हणतं, दादा, मागच्या वर्षीचं काही आहे का? आमच्या डी ड्राइव्हला विषयवार फोल्डर. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, पर्यावरण. पर्यावरणाचा एकच प्रकल्प मी अंदाजे दोनशे जणांना दिला असंल, विषय 'पाणी व्यवस्थापन'. नाव बदल, रोल नंबर बदल, गावाचं नाव बदल. चहा होईस्तोवर बायंडिंगसकट हातात.

आता गंमत ऐका. एका पोराला बीड जिल्ह्याचा प्रकल्प जालन्याचा करून पाहिजे होता. मी फाइंड-रिप्लेस मारलं, बीड काढून जालना. त्यात एक प्रकरण बीडी कामगार महिलांवर होतं. छापून आलं 'जालनाी कामगार महिला'. चाळीस ठिकाणी. सात प्रती, सोनेरी अक्षरं, हार्ड बायंडिंग. पोरगं पास झालं. फर्स्ट क्लास. पेढे घेऊन आलं होतं.

तव्हापासून मला कळलं की हे कोणीच वाचत नाही. पोरगं वाचत नाही, मी वाचत नाही, सर वाचत नाहीत. मग आम्ही तिघं मिळून नेमकं कुणाला फसवायलोत? मला तरी कधी चोरी केल्यासारखं वाटलं नाही. लग्नपत्रिका छापतो तसं वाटायचं. तिथंबी मजकूर तोच असतो, नावं बदलतात.

एकदा मात्र वाईट वाटलं. एक पोरगी स्वतः हातानं लिहिलेली ऐंशी पानं टाइप करायला घेऊन आली. तिच्या गावातल्या बचत गटांवर, प्रत्येक बाईशी बोलून. टायपिंगचे पैसे जास्त होत होते म्हणून मीच तिला म्हटलं, ताई, एवढं कशाला, तयार आहे माझ्याकडं, दोनशेत होतंय. तिनं घेतलं. तिची वही दुकानात विसरून गेली ती न्यायला आलीच नाही. दुकान आवरताना सापडली, अजून घरी आहे.

बालाघाटी | रविवार, रात्री ११:२८

@डीटीपी_कॉर्नर, ती वही टाकू नका. मला वाचायला मिळाली तर उपकार होतील.

लातुरी_डाळ | सोमवार, सकाळी ७:५०

सही पुढं कुठं जाते विचारलंत ना, मी सांगतो. मी सिव्हिलवाला. किल्लारीच्या भूकंपानंतर वसवलेल्या गावात वाढलो, त्यामुळं घर कशानं उभं राहतं आणि कशानं पडतं ह्या गप्पा आमच्याकडं लहानपणापासून.

इंजिनिअरिंगला आमचं चोरीचं ठिकाण म्हणजे प्रॅक्टिकलचं जर्नल. प्रयोग गटात एकानं करायचा, बाकीच्यांनी रीडिंग घ्यायचं. मशिन बंद असलं तर सिनियरचं जर्नल. तेही नसलं तर उलटं गणित: उत्तर काय यायला पाहिजे ते माहीत असतं, तिथून मागं येत रीडिंग जुळवायचं. आलेखावर सगळे ठिपके सरळ रेषेत. एखादं पोरगं खरं रीडिंग घेऊन आलं आणि ठिपके इकडंतिकडं पडले, की सर म्हणायचे, हे काय आणलं, पुन्हा काढ. पुन्हा काढ म्हणजे प्रयोग पुन्हा कर असं नाही, आलेख पुन्हा काढ.

आता साइटवर या. काँक्रीट ओतताना त्याच मालाचे दीडशे मिलिमीटरचे क्यूब (चौकोनी ठोकळे) भरायचे, पाण्यात ठेवायचे, काही सात दिवसांनी आणि काही अठ्ठावीस दिवसांनी फोडून ताकद बघायची. एम २० म्हणजे अठ्ठावीस दिवसांना २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, सातव्या दिवशी ढोबळमानानं त्याच्या दोन तृतीयांश. एका नमुन्याचे तीन क्यूब असतात आणि ते सरासरीच्या पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त मागंपुढं नकोत.

मी एका कामावर नंतरच्या टप्प्याला गेलो. आधीच्या इंजिनिअरचं क्यूब रजिस्टर उघडलं. २६.२, २६.४, २६.३. पुढचा नमुना २६.३, २६.२, २६.४. आठ महिने असंच. सिमेंटचा ब्रँड बदलला, वाळू बदलली, मेचं ऊन गेलं, पाऊस आला, आकडा हलला नाही. खऱ्या क्यूबचे आकडे आपसात भांडतात हो, एक २३ येतो, एक २७. मग तारखा बघितल्या. एक नमुना लक्ष्मीपूजनाच्या दिवशी फोडलेला. त्या दिवशी साइटवर वॉचमन सोडून कुणी नसतं.

हा इंजिनिअर कोण, तर माझ्याच बॅचचा. हुशार, अक्षर मोत्यासारखं. आम्ही सगळे त्याचंच जर्नल उतरवायचो. म्हणजे मीसुद्धा. फोन केला तर म्हणाला, "अरे काँक्रीट चांगलंच होतं, मी स्वतः उभा राहून ओतलंय, फक्त क्यूब फोडायला न्यायला गाडी मिळत नव्हती." मला ते खरंही वाटतं. पण तो स्लॅब चांगला आहे हे आता कुणालाच कागदावरून कळणार नाही, आणि उद्या एखादा खरंच कच्चा निघाला तर त्याचंही रजिस्टर असंच दिसणार. आम्ही शेवटी तिथं हॅमर टेस्ट केली (पृष्ठभागावर ठोकून ताकदीचा अंदाज घेतात ती), काही ठिकाणी कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल तुकडे, कापून काढले. निघालं ठीक. मालकाला खर्च पडला तो वेगळाच.

त्याला कुणी कॉलेजात खोटं बोलायला शिकवलं नव्हतं. नीटनेटकं दिसतं ते बरोबर, एवढंच शिकवलं.

जुना_खडू | सोमवार, सकाळी ९:१०

मी गंगाखेडचा, निवृत्त शिक्षक. वरचं सगळं वाचलं. सगळे मिळून त्या पोरांना पाठीशी घालताय असं मला वाटलं. चोरी ती चोरी. महाराष्ट्रात परीक्षेतल्या गैरप्रकारांवर १९८२ सालापासून कायदा आहे. आम्ही खिडकीबाहेर लटकलेली अख्खी गावं पाहिलीत. नांदेडला २०१० च्या सुमारास श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी होते तेव्हा कॉपीमुक्तीची मोहीम झाली, निकाल पहिल्या झटक्याला धाडकन खाली आला आणि नंतर पोरं अभ्यास करायला लागली. हे मी स्वतः वर्गात बघितलं आहे. धाक लागतोच.

दुसरं, हे 'आपल्याकडं लेखकाचं नाव लावायची पद्धतच नव्हती' असं कुणी म्हणेल त्याआधीच सांगतो. आमच्या गावच्या जनाबाईचं बघा. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी बाई. तिचे अभंग सातशे वर्षं तोंडातोंडी चालत आले, आणि शेवटी येतं काय? जनी म्हणे. नामयाची दासी जनी. धन्याच्या नावाच्या शेजारी दासीचं नाव टिकवलं, ते कुणी? लिहिता न येणाऱ्या बायांनी जात्यावर. आणि आमचे पदव्युत्तर विद्यार्थी शेवटची ओळ बदलून मोकळे.

गोदातीर | सोमवार, दुपारी १२:२०

@जुना_खडू गुरुजी, जनाबाईचं पटलं. धाकाचं अर्धंच पटलं, कारण धाक नेहमी खालच्याला लावतात.

मी पीएच.डी. करतेय, चौथं वर्ष. घरात दहावीच्या पुढं गेलेली पहिली. एमएपर्यंत सगळं मराठीत, आणि पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) पास होऊन कोर्सवर्कला बसले तर वाचायला इंग्रजी लेख. एक लेख कळायला मला तीन दिवस लागायचे. कळला की त्यातलं वाक्य बदलायची भीती वाटायची, कारण बदललं आणि अर्थच बदलला तर? लेखकाचंच ठेवलं की निदान चूक होत नाही. दुसऱ्याचं म्हणणं आपल्या भाषेत कसं मांडायचं, अवतरण कुठं द्यायचं, संदर्भ कुठं, हे मला संपूर्ण शिक्षणात कुणी पान उघडून दाखवलं नाही. संशोधन पद्धतीच्या पेपरात 'वाङ्मयचौर्य म्हणजे काय, टीप लिहा' हा पाच मार्कांचा प्रश्न होता. त्याचं उत्तर आम्ही पाठ करून लिहिलं.

आता वरच्यांचं बघा. २००९ च्या नियमांत पीएच.डी.आधी शोधनिबंध छापणं सक्तीचं केलं. २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीला एपीआयचे गुण आले, त्यात छापलेल्या निबंधांनाही गुण. झालं, गल्लोगल्ली जर्नलं. 'पैसे भरा, आठ दिवसांत प्रसिद्ध' असे मेसेज मला आजही रोज येतात. यूजीसीनं २०१९ मध्ये मान्य जर्नलांची केअर यादी काढली, तर यादीतल्या जर्नलांच्या नावाची बनावट जर्नलं निघाली. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी निबंधाची सक्ती काढली, आणि २०२५ मध्ये केअर यादीही गेली. मधल्या बारा-तेरा वर्षांत जे छापलं गेलं ते कुणी लिहिलं, कुणी विकत घेतलं, ह्याचा हिशेब कोण करणार? ते छापणारे कितीतरी जण आज गाइड, म्हणजे पीएच.डी.चे मार्गदर्शक, आहेत. मी चार परिषदांना गेले, दोन ठिकाणी प्रमाणपत्र आधी आणि पेपर नंतर.

आणि कळस सांगू? २४ डिसेंबर २०२३ ला राज्यात पीएच.डी. फेलोशिपसाठीची चाळणी परीक्षा झाली. पेपर हातात पडला तर २०१९ च्या सेट परीक्षेचाच (प्राध्यापक व्हायला लागणारी राज्याची पात्रता परीक्षा) पेपर, जसाच्या तसा. आंदोलन झालं, १० जानेवारीला पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. संशोधक निवडायची प्रश्नपत्रिकाच उचललेली. तिचं साम्य किती टक्के धरायचं, ग्रंथपाल ताई?

मी कुणाला माफ करा म्हणत नाही. माझ्या पहिल्या प्रकरणात दोन परिच्छेद असे आहेत की ते माझे नाहीत हे मला माहीत आहे. गाइडांना सांगितलं तर म्हणाले, राहू दे, सॉफ्टवेअरला सापडत नाहीत. हा धागा वाचून काल रात्री काढले. आता तिथं भोक पडलंय आणि भरायला काही सुचत नाही.

जुना_खडू | सोमवार, दुपारी १२:५५

भोक राहू दे बाळा. मी सेट-नेटवाला नाही, पण वाचायला पाठव. कुठं अडलंय ते तरी सांगू शकेन.

ग्रंथपाल_ताई | सोमवार, दुपारी १:१०

१०० टक्के, गोदातीर. पण प्रश्नपत्रिकेवर ना प्रतिज्ञापत्र असतं ना सही. वाचली ती.

बीएस्सी_ॲग्री | सोमवार, दुपारी ३:३०

'रावे'बद्दल, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवाबद्दल, कुणीच बोललं नाही, म्हणून मी. बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षी सातव्या सत्राला आम्हाला गावात पाठवतात, कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून. गावाची माहिती गोळा करायची, शेतकऱ्यांना प्रात्यक्षिकं दाखवायची, अहवाल द्यायचा. आमच्या गटानं प्रात्यक्षिकं खरी केली. बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क, सगळं, फोटो पेपरलाही आले. अहवाल मात्र मागच्या बॅचचा. त्यात आमच्या कोरडवाहू गावाला बारमाही नदी होती आणि केळीखाली चाळीस हेक्टर. तोंडी घेणाऱ्या सरांनी विचारलं, केळीला पाणी कुठून देतात? मी म्हणाले, ठिबकनं. ते म्हणाले, व्हेरी गुड.

मग दोन वर्षांपूर्वी एका विमा कंपनीकडं हंगामापुरती कामाला लागले, पीक कापणी प्रयोगाला कंपनीची माणूस म्हणून हजर राहायचं. चिठ्ठीनं निघालेल्या गट नंबरात जायचं, दोरी लावून प्लॉट आखायचा, तेवढंच सोयाबीन कापून, मळून, वजन करायचं. अशा वजनांची सरासरी महसूल मंडळातल्या विमा काढलेल्या सगळ्या शेतकऱ्यांची भरपाई ठरवताना धरतात. एका दिवशी तीन प्रयोग, पाऊस, चिखल, तिसऱ्या गावाला रस्ताच नाही. बरोबरचे म्हणाले, शेजारच्या गावाचंच वजन धरू, रान तसंच आहे. फॉर्म पुढं आला. सगळ्यांच्या सह्या झालेल्या, माझीच जागा रिकामी.

मी केली सही. केळीचं चाळीस हेक्टर आठवलं, खोटं नाही सांगत. तेव्हा कुणाचं काही बिघडलं नव्हतं ना? परत येताना त्या गावच्या फाट्यावर एक म्हातारे गृहस्थ छत्री घेऊन उभे होते. आज आमच्याकडं मोजणी हाय म्हणले होते, झाली का? असं विचारत होते.

पुढच्या हंगामाला गेले नाही. सध्या रोपवाटिकेत आहे.

पोरगं_होस्टेलचं | सोमवार, संध्याकाळी ६:४५

सगळे मोठे माणसं बोलायलेत म्हणून भीत भीत लिहितो. एमए दुसरं वर्ष. सर, आता डीटीपीवाल्या दादाचं फोल्डर कुणी घेत नाही. मोबाईलवर एआयला विषय सांगायचा, पाच मिनिटात साठ पानं. साम्य शून्य. फक्त भाषा लई गुळगुळीत येती, 'बहुआयामी', 'सर्वसमावेशक', 'अधोरेखित'. आमच्या सरांनी एकाला विचारलं अधोरेखित म्हणजे काय, तर तो म्हणला, खाली रेघ मारलेली, पण सर मी कुठंच मारली न्हाई. अन् शेवटी संदर्भसूची येती त्यातले पुस्तकं जगात कुठंच नसतेत.

मी बी तसंच केलंय, खोटं कशाला बोलू. दिवसा मेडिकलवर काम करतो, रात्री अभ्यास. पण एक सांगतो, प्रोजेक्ट खरं करणाऱ्याला आमच्याहून जास्त मार्क पडत न्हाईत. गेल्या साली आमच्यातल्या एकीनं वीस गावं फिरून केलं. तिला बासष्ट, बाकी सगळ्यांना अडुसष्ट. तिच्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या म्हणे.

हुरडा | सोमवार, संध्याकाळी ७:०५

बासष्टचं वाचून हुरडा कडू लागला.

लातुरी_डाळ | सोमवार, रात्री ८:१५

@पोरगं_होस्टेलचं, चुका होत्या म्हणजे ते तिचं होतं. आमच्या २३ आणि २७ सारखं.

@बीएस्सी_ॲग्री, लिहिलंत हे मोठं आहे. मी माझ्या बॅचवाल्याचं रजिस्टर वर कळवलं नव्हतं, फक्त पुन्हा टेस्ट करून घेतली. ते बरोबर केलं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बालाघाटी | मंगळवार, रात्री १०:१०

सगळं दोनदा वाचलं. उत्तर एकेकाला देईन, आधी एकोणिसाव्याचं सांगतो, कारण बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलंय.

आज त्या कॉलेजात पुन्हा जावं लागलं, गुणपत्रकावरची माझी सही राहिली होती. (हो, सहीच.) तिथल्या सरांना विनंती करून त्या तिघांना बोलावून घेतलं. अख्खा प्रकल्प परत करा म्हणायचा मला आता अधिकार नाही, आणि परीक्षेच्या तोंडावर ते होणारही नव्हतं. कोरा कागद दिला आणि म्हटलं, फक्त ऋणनिर्देश लिहा. घरी जसं बोलता तसा. शुद्धलेखन बघणार नाही.

पोरीनं पाच मिनिटांत पान भरलं. दुसऱ्यानं "जमंना सर" म्हणून कागद परत दिला. एकोणिसावा पाऊण तास बसला. दोनदा कागद बदलून मागितला. शेवटी जे दिलं ते त्याला विचारून इथं उतरवतोय:

"आई पहाटं पाचला कापूस येचायला जाती. मी येमेला हाये म्हंजे काय ते तिला माहीत नाही. मी तिला म्हणलो आजून येक वरीस. ती म्हणली, तू म्हंतो तं आसंल."

मी त्याला विचारलं, आता तुझ्या तांड्यावरच्या कोयत्यांबद्दल असंच एक पान लिहिशील का? म्हणाला, सर, बाकी सगळे आता कारखान्यावरून परत आलेत, उचल फिटली न्हाई म्हणून चार घरं परत आली न्हाईत, तेवढ्याचं लिहू का? म्हटलं, तेवढ्याचंच लिही.

त्याच्या नावापुढचा रकाना मी रिकामा ठेवून आलोय. त्याचा प्रकल्प जसा आहे तसा बघितला तर त्याला काही देता येत नाही. तिथल्या सरांनी शिरस्त्याप्रमाणं अडुसष्ट सुचवलेत. आकडे भरायची शेवटची तारीख शुक्रवार आहे.

डीटीपी_कॉर्नर | मंगळवार, रात्री १०:३१

सर, त्या पोरीची वही काढून ठेवली. आत तिचं नाव-गाव आहे. तुम्हाला देण्याआधी तिला विचारावं म्हणतो. उद्या गाडी काढून जातोच तिकडं.